ठरलेल्या कुस्तीचा महोत्सव

कुस्ती हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे तांबडी माती, हलगीचा ठेका आणि एकमेकांचा अंदाज घेत फिरणारे दोन मल्ल उभे राहतात. त्या दृश्याचा सारा प्राण एका अनिश्चिततेत असतो : पाठ कोणाची लागणार? ही अनिश्चितता काढून घेतली तर मागे उरते ती नुरा कुस्ती. आणि नुरा कुस्ती हा आपल्याकडे निंदेचाच शब्द आहे. तथापि अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेला अशा एका ठरलेल्या कुस्तीचा महोत्सव दरवर्षी भरत आला आहे. मोठमोठी स्टेडियमे त्यासाठी भरून जातात, आणि निकाल आधीच ठरलेला असतो हे तेथील बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक असते. या महोत्सवाचे नाव रेसलमेनिया, म्हणजे कुस्तीचे वेड.

आपल्या देशातही अनेक घरांतील मुले हा खेळ आवडीने पाहतात. वडीलधारी माणसे ‘हे सगळे खोटे असते’ असे म्हणून मोकळी होतात, तर मुले ‘मग तो उठत का नाही?’ असा प्रश्न विचारतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यातील खोटे कोणते आणि खरे कोणते, याचा थोडा विचार आज करू.

पहिला रेसलमेनिया ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. त्यापूर्वी अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती निरनिराळ्या प्रदेशांत वाटलेली होती. कुस्त्या भरवणाऱ्याने आपापली हद्द सांभाळावी, दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये, असा संकेत होता. व्हिन्स मॅकमहन यांनी १९८२ मध्ये वडिलांची कंपनी विकत घेतली आणि हा संकेत मोडून साऱ्या देशभर आपला व्यवसाय पसरवला. त्या विस्ताराचा कळस म्हणजे हा महोत्सव. हल्क होगन आणि दूरचित्रवाणीवरील नट मिस्टर टी यांची जोडी एका बाजूला, रॉडी पायपर व पॉल ऑर्नडॉर्फ दुसऱ्या बाजूला, आणि पंचांच्या मदतीला खुद्द मुहम्मद अली, असा तो थाट होता. गावोगावच्या सभागृहांत पडद्यावर तो तिकीट लावून दाखवण्यात आला. पुढे ‘पे-पर-व्ह्यू’ची पद्धत रूढ झाली. त्या एकाच खेळापुरते शुल्क भरावे आणि तो घरी बसून पाहावा, असा तिचा अर्थ. भारतात २०२५ च्या एप्रिलपासून हा खेळ नेटफ्लिक्सवर दाखवला जाऊ लागला.

निकाल ठरवून कुस्ती खेळण्याची गरजच का पडावी? याचे एक उत्तर आपल्याच गामा पहिलवानाच्या इतिहासात सापडते. सप्टेंबर १९१० मध्ये लंडन येथे गामाची गाठ स्टॅनिस्लॉस झ्बिस्को या पोलिश मल्लाशी पडली. गामापुढे आपला निभाव लागत नाही असे दिसताच झ्बिस्को गादीला चिकटून राहिला, आणि अडीच तासांहून अधिक वेळ लोटूनही कुस्ती निकाली झाली नाही. खरी झुंज पुष्कळदा अशीच असते. तिच्यात बळ असते, पण नाट्य असेलच असे नाही. ज्याला रोज संध्याकाळी तिकिटे विकावयाची आहेत, त्याला असा धोका पत्करणे परवडत नाही. म्हणून जत्रांच्या तंबूंतून खेळणाऱ्या अमेरिकन मल्लांनी निकाल, वेळ आणि रंगत ही तिन्ही आधीच ठरवून घेण्याची रीत पाडली. हे बिंग बाहेरच्या माणसापुढे फोडावयाचे नाही, या कडक नियमाला त्यांच्या बोलीत ‘केफेब’ म्हणतात.

या खेळाचे व्याकरण सोपे आहे. एक मल्ल सज्जन असतो, त्याला ‘बेबीफेस’ म्हणतात. दुसरा दुर्जन, तो ‘हील’. महिनोन्‌महिने त्यांचे वैर वाढवत नेले जाते आणि रेसलमेनियाच्या रात्री त्याचा शेवट होतो. कोण जिंकणार व शेवट कसा होणार हे लेखक ठरवतात. मधला पुष्कळसा भाग मल्ल आपसांत ठरवतात, आणि काही तर लढता लढता एकमेकांच्या कानात सांगून रचतात. पंचही या कटात सामील असतो. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, यातील प्रत्येक मोठा डाव दोघांनी मिळून मारावयाचा असतो. ज्याला उचलले जाते तो स्वतः उडी घेऊन मदत करतो, आणि ज्याने उचलले त्याच्यावर दुसऱ्याची मान सुखरूप खाली आणण्याची जबाबदारी असते.

याचे सुप्रसिद्ध उदाहरण २९ मार्च १९८७ चे आहे. मिशिगनमधील पॉन्टियॅक सिल्व्हरडोम येथील तिसऱ्या रेसलमेनियात हल्क होगनपुढे आंद्रे द जायंट उभा होता. हा फ्रेंच मल्ल पंधरा वर्षे अपराजित आहे आणि त्याला उचलून आपटणे कोणाला साधलेले नाही, अशी जाहिरात झाली होती. वस्तुतः या दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. होगननेच त्याला १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये आपटले होते. कंपनीने जाहीर केलेली ९३,१७३ ही प्रेक्षकसंख्याही वादग्रस्त आहे. काही जाणकार ती ७८,००० च्या आसपास मानतात. मग खरे काय होते? आंद्रेचे दुखणे खरे होते. शरीर अमर्याद वाढवणाऱ्या विकाराने तो जर्जर झाला होता, त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि पोशाखाखाली त्याने आधारपट्टा बांधला होता. त्याच्या इच्छेवाचून त्या रात्री त्याला कोणीही उचलू शकले नसते. होगनचा तो विजय म्हणजे आंद्रेने आपल्या उतरत्या काळात दिलेले दान होते. सहा वर्षांनी, १९९३ च्या जानेवारीत, तो वारला.

बिंग फुटले ते मात्र एखाद्या बातमीदाराच्या हुशारीने नव्हे, तर शासकीय कामकाजातून. न्यू जर्सी राज्यात या कुस्त्यांवर क्रीडा नियंत्रण मंडळाची देखरेख होती आणि त्यांच्या प्रक्षेपणावर कर होता. त्यातून सुटका व्हावी म्हणून १९८९ च्या फेब्रुवारीत कंपनीने राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच कबूल केले की, ही खरी क्रीडास्पर्धा नसून प्रेक्षकांच्या मनोरंजनाचा कार्यक्रम आहे. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले गुपित करासाठी उघड झाले! याचा परिणाम काय व्हावा? त्याच राज्यात, अटलांटिक सिटीत, अवघ्या दोन महिन्यांच्या आत पाचवा रेसलमेनिया भरला आणि प्रेक्षकांनी तोही डोक्यावर घेतला. पुढे २०१९ मध्ये याच राज्यातील मेटलाइफ स्टेडियमवर या महोत्सवाची मुख्य लढत प्रथमच स्त्रियांनी खेळली.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. कोकणात दशावताराचा खेळ पाहणाऱ्याला राक्षस अखेर मरणार हे ठाऊक असते, तरीही तो रात्रभर जागतो. काय होणार यापेक्षा ते कसे होणार यात त्याला गोडी असते. फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथाच्या आरंभीच व्यावसायिक कुस्तीवर निबंध लिहिला आहे. दुःख, पराभव आणि न्याय ही डोळ्यांना स्पष्ट दिसावीत, यासाठी प्रेक्षक तेथे जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणून खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला मिळवलेले कांस्यपदक आणि रेसलमेनियातील झळझळीत पट्टा ही एका तराजूत घालू नयेत. पहिले क्रीडेचे फळ आहे, दुसरे रंगभूमीचे. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या मुंबईतील ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांना एके काळी लोटलेली गर्दी याच दुसऱ्या जातीची होती. २०१८ मध्ये या कंपनीने दारासिंगांचे नाव आपल्या सन्मानयादीत घातले. पंजाब पोलिसांत नोकरी केलेल्या दलीपसिंग राणा यांनी ‘द ग्रेट खली’ या नावाने २००७ च्या रेसलमेनियात विजयी वीराची भूमिका केली, तीही याच रंगभूमीवर.

परंतु ही रंगभूमी आणि आपली रंगभूमी यांत एक भेद आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शस्त्रांचे प्रयोग सांगताना प्रत्यक्ष प्रहार होऊ नये, रक्त निघू नये, अशी काळजी घेतली आहे. रेसलमेनियात ही मर्यादा पाळता येत नाही. पोलादी सांगाड्यावरील फळ्या, त्यांवर पातळ गादी आणि कापड, अशा जमिनीवर माणूस खरोखरच आदळतो. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा कर्ट अँगल २००३ च्या मुख्य लढतीत दुखावलेली मान घेऊन उतरला. त्याच लढतीत ब्रॉक लेसनर सर्वांत वरच्या दोरावरून झेप घेताना डोक्यावर पडला, मेंदूला धक्का बसला, तरीही ठरलेला विजय त्याने पुरा केला. २०१४ मध्ये, सलग एकवीस विजयांनंतर, अंडरटेकर या लोकप्रिय मल्लाला ठरल्याप्रमाणे हरवण्यात आले. स्टेडियम स्तब्ध झाले. पण त्या लढतीत त्याच्या मेंदूला झालेली इजा कोणी ठरवलेली नव्हती. त्या दिवसातील पुष्कळसे त्याला आठवेनासे झाले.

आणि येथे माझ्यासारख्या सरकारी नोकराला एक प्रश्न पडतो. हे मल्ल कायद्याच्या भाषेत कंपनीचे कर्मचारी नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. आम्हांला जे निवृत्तिवेतन मिळते, त्याची तरतूद त्यांनी आपली आपण करावयाची असते. १९८६ मध्ये, दुसऱ्या रेसलमेनियाच्या सुमारास, जेसी व्हेंचुरा या मल्लाने सहकाऱ्यांपुढे संघटना बांधण्याचा विचार मांडला. तो तडीस गेला नाही. हाच व्हेंचुरा पुढे १९९९ मध्ये मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला, पण त्याच्या जुन्या सोबत्यांची संघटना काही उभी राहिली नाही.

तेव्हा घरातील मूल हा खेळ पाहत असेल तर त्याला ‘हे खोटे आहे’ एवढेच सांगून थांबू नये. ही लुटुपुटूची लढाई आहे हे सांगावेच. परंतु तिच्यात हरणारा माणूस जिंकणाऱ्याच्या हाती आपली मान विश्वासाने सोपवतो, हेही सांगावे. निकाल लेखकाच्या टेबलावर ठरतो. पडण्याचे दुखणे मात्र ज्याचे त्यालाच सोसावे लागते.