स्लॅबपर्यंतचे पैसे

1967 साली प्रतिभाताई पाटील एदलाबाद मतदारसंघातून विधानसभेवर गेल्या आणि उपमंत्री झाल्या. आरोग्य, दारूबंदी, पर्यटन यांच्या जोडीला त्यांच्याकडे गृहनिर्माणही होते. पुढे 1982-83 मध्ये त्या नगरविकास आणि गृहनिर्माण खात्याच्या कॅबिनेट मंत्री होत्या, तेव्हाही मतदारसंघ हाच. एदलाबादचे नंतर मुक्ताईनगर झाले. राज्याच्या घरबांधणी खात्याशी एवढा जवळचा संबंध फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आला असेल. पण त्या काळी गृहनिर्माण म्हणजे मुंबईच्या चाळी, मंडळाच्या वसाहती आणि शहरांतल्या सहकारी सोसायट्या. कोथळी, मेहूण, चांगदेवच्या माणसाने घरासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्या खात्यापुढे येतच नसे.

गावालाही तो फारसा पडत नव्हता, हेही खरे. खानदेशातले जुने घर धाब्याचे. मातीच्या जाड भिंती, वर लाकडाचे सर, त्यावर फांद्या-काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर खारी माती. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी खारी टाकायची की वर्षाची सोय झाली. अशा घराला कष्ट भरपूर लागत आणि रोकड कमी. माती गावची, माणसे भाऊबंदातली, लाकूड बहुधा पाडलेल्या जुन्या घराचे. ज्याच्याकडे तेवढेही नव्हते तो पऱ्हाट्या-तुराट्यांच्या कुडावर पत्रे टाकून राहायचा. विटा, सिमेंट आणि सळई आली तेव्हा घर पहिल्यांदा दुकानातून विकत आणायची वस्तू झाली. घराच्या पैशाचा प्रश्न खरा तिथून सुरू होतो.

काही गावांवर तो एकदमच येऊन आदळला. हतनूरचे धरण तापीवर झाले आणि पूर्णेच्या संगमापर्यंत पाण्याचा फुगवटा आला. ज्यांना हलावे लागले त्यांना नव्या गावठाणात प्लॉट मिळाले, मोबदलाही मिळाला. पण जुन्या धाब्याची किंमत जुन्या धाब्याचीच होणार. नव्या जागी उभे करायचे घर मात्र विटांचे. मधला फरक ज्याचा त्याने भरायचा. धरणग्रस्तांच्या तक्रारींत जमिनीच्या भावाची चर्चा खूप होते, घराच्या या फरकाची कमी. तो फरक अनेकांनी म्हशी आणि दागिने विकून भरला.

मग कर्ज का नाही? कर्ज देणाऱ्या संस्था तर खानदेशात मुबलक. विविध कार्यकारी सोसायटी गावोगाव, वर जळगाव जिल्हा बँक. पण सोसायटी देणार पीककर्ज. भूविकास बँक विहिरीला, मोटारीला, पाइपलाइनला द्यायची, आणि तीही राज्याने पुढे गुंडाळली. घर हा सहकाराच्या लेखी खर्च होता, उत्पादन नव्हे. त्यामुळे कपाशीच्या नावाने उचललेले पैसे भिंतीत जायचे, आणि कपाशीला पुन्हा दुकानदाराची उधारी. सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट कागदावर कुठेच नसे. थकबाकी झाली की मात्र शेतकऱ्याने पीककर्ज उडवले, असे म्हणायला सगळे मोकळे.

1977 साली मुंबईत हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली. त्याच वर्षी म्हाडाही स्थापन झाली. हुडको आधीच, 1970 पासून होती. 1988 मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली. देशातल्या गृहकर्जाचा पाया या वीस वर्षांत घातला गेला, आणि तो सगळा पगाराच्या चिठ्ठीवर उभा होता. महिन्याला ठरलेली आवक असेल तर महिन्याला ठरलेला हप्ता. आपल्या भागातही ज्याच्याकडे ती चिठ्ठी होती त्याचे घर झाले. वरणगावच्या आयुध निर्माणीतला कामगार, दीपनगरच्या वीज केंद्रातला, भुसावळचा रेल्वेवाला, जिल्हा परिषदेचा शिक्षक. महामार्गाच्या कडेने बिनशेती झालेल्या प्लॉटांवर ज्या कॉलन्या उठल्या त्या यांच्या. केळीवाल्याचे काय? केळीला बारा-चौदा महिने लागतात. घड कापला जाईल तेव्हा बऱ्हाणपूर-रावेरचा भाव काय असेल, हे लावताना कोणालाच माहीत नसते. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर तो प्रश्नच उरत नाही. अशा माणसाला दर महिन्याच्या 5 तारखेला हप्ता भर म्हणणे म्हणजे त्याला कर्ज नको म्हणण्याचाच सभ्य प्रकार.

बँकेची दुसरी अट कागदाची. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टी कोणाच्या नावावर आकारायची याची नोंद. बँकेचा वकील तो हातात घेतो, उलटसुलट बघतो आणि सांगतो, हा मालकीचा पुरावा नाही. वकिलाचे चुकत नाही. शेतजमीन तारण ठेवावी, तर 2002 च्या सरफेसी कायद्याने शेतजमीन जप्तीतून वगळली आहे, त्यामुळे तीही बँकेच्या फार कामाची नाही. राहत्या घरावर कर्ज मिळत नाही, आणि शेतीवर मिळते ते घरासाठी नसते.

कर्जाचा रस्ता असा बंद, म्हणून सरकारने अनुदानाचा धरला. इंदिरा आवास योजना 1985 साली रोजगार कार्यक्रमाचा एक भाग म्हणून सुरू झाली आणि 1 जानेवारी 1996 पासून स्वतंत्र झाली. केंद्राचा आकडा 2004 मध्ये 25 हजार, 2008 मध्ये 35, 2010 मध्ये 45, 2013 मध्ये 70 हजार असा चढत गेला. राज्याने वेळोवेळी त्यात भर घातली, शिवाय रमाई आणि शबरी या आपल्या योजना आणल्या. नोव्हेंबर 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली आणि आकडा 1 लाख 20 हजार झाला. घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे 269 चौरस फुटांचे. जोडीला रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार.

हे पैसे थोडे आहेत, पण फसवे नाहीत. इंदिरा आवासच्या काळापेक्षा वेगळे म्हणजे आज ते थेट खात्यात येतात, जोत्याचा, भिंतीचा, स्लॅबचा फोटो काढल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही, आणि कागदावरची घरे बरीच कमी झाली. अडचण हप्त्याच्याच रचनेत आहे. मंजुरीबरोबरचा छोटा पहिला हप्ता सोडला तर काम आधी, पैसा नंतर. जोते बांधले की त्याचा फोटो, मग पैसे. जोते बांधायला लागणारा बहुतेक पैसा लाभार्थ्याने उभा करायचा. ज्याच्याकडे तो असता, तो दारिद्र्यरेषेच्या किंवा घरकुलाच्या 'ड' यादीत कशाला आला असता? म्हणून घरकुल मंजूर झाल्याची बातमी सगळ्यात आधी सिमेंटच्या दुकानात आणि गटाचे कर्ज देणाऱ्या मायक्रो फायनान्सवाल्यांकडे पोचते. आणि शेवटचा हप्ता पडतो तेव्हा घराला स्लॅब असतो. गिलावा, फरशी, दारे-खिडक्या बहुतेक वेळा पुढच्या हंगामावर जातात. बायकांचे बचत गट, सोनाराकडची पोत, आडत्याची उचल, मुलाने सुरतेहून पाठवलेले पैसे. घरकुलाच्या फलकावर 1 लाख 20 हजार लिहिलेले असते, या बाकीच्या रकमेचा फलक कोणी लावत नाही. गंमत म्हणजे ग्रामीण आवास योजनेच्या नियमांतच लाभार्थ्याला हवे असल्यास 70 हजारांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण ते कर्ज मागायला गेलेल्याच्या हातातही नमुना आठच असतो.

राज्याने एकदा कर्जाचा प्रयत्न केला होता. राजीव गांधी ग्रामीण निवारा योजना क्रमांक 2. दारिद्र्यरेषेच्या जरासे वर असलेल्या कुटुंबासाठी 1 लाखाचे घर, 10 हजार स्वतःचे, 90 हजार बँकेचे, आणि व्याज सरकारचे. कल्पना माझ्या मते चांगली होती, कारण अनुदान फुकट आणि कर्ज महाग या दोन टोकांच्या मधला हा रस्ता होता. पण व्याज सरकार भरणार म्हणून बँकेची भीती जात नाही. तिला भीती मुदलाची असते, आणि मुदलाला तारण तेच, गावठाणातले.

या सगळ्या काळात शहराकडे मदत कशी गेली तेही पाहायला हवे. 2015 च्या शहरी आवास योजनेत कर्जाच्या व्याजावर अनुदान होते. गरीब आणि अल्प उत्पन्न गटाला जास्तीत जास्त सुमारे 2 लाख 67 हजार. वर्षाला 12 ते 18 लाख कमावणाऱ्यालाही, तो गट योजनेत होता तेवढे दिवस, सुमारे 2 लाख 30 हजारांपर्यंत. खेड्यात कुडाच्या घरात राहणाऱ्याला 1 लाख 20 हजार. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की वेगळे भाष्य करावे लागत नाही. ज्याला बँक आधीच उभी करते, त्याच्यामागे सरकारही उभे राहिले.

आपल्या जिल्ह्याने घरासाठीच्या पैशाचे आणखी दोन अनुभव घेतले. जळगाव नगरपालिकेने हुडकोचे कर्ज काढून हजारो घरकुलांचा घाट घातला. घरे थोडीच पूर्ण झाली, 2006 मध्ये गुन्हा दाखल झाला, आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरवले. कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहिले, त्यापायी महापालिकेची बँक खाती गोठण्यापर्यंत वेळ आली. दुसरा अनुभव पतसंस्थांचा. बँक दारात उभी करत नाही म्हटल्यावर साध्या माणसाने घराचे पैसे पतसंस्थेत साठवले. जिल्ह्यातल्या एकामागून एक संस्था बुडाल्या, आणि 2014-15 मध्ये भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्य पतसंस्थेचा डोलारा कोसळला. कोणाच्या मुलीचे लग्न त्यात अडकले, कोणाचे घर. कर्ज नाही, आणि साठवणही सुरक्षित नाही, अशी ती वर्षे होती.

बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने 1984 पासून याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. कर्ज छोटे, फेड आठवड्याची, आणि घर म्हणजे सिमेंटचे चार खांब, वर पत्रे, एक संडास. भिंती ज्याने त्याने जमेल तशा उभारायच्या. जागा बाईच्या नावावर केल्याशिवाय पैसे नाहीत. 1989 मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तिथला पूर आणि आपला दुष्काळ वेगळे, तरी एक गोष्ट इथेही लागू पडते. गरीब माणूस घर एकदम बांधत नाही, टप्प्याटप्प्याने बांधतो. यंदा जोते, दोन वर्षांनी भिंती, कपाशी पिकली तर स्लॅब. त्याला 20 वर्षांचे 10 लाख नकोत, दर टप्प्याला 40-50 हजार हवेत, आणि फेड पिकाच्या महिन्यात. असे कर्ज आपल्याकडच्या बँकांना द्यायला परवडत नाही, कारण कागदपत्रांचा खर्च 50 हजारांनाही तेवढाच आणि 50 लाखांनाही तेवढाच. ते मायक्रो फायनान्सला परवडते, पण त्याचे व्याज गृहकर्जाच्या दुपटीच्या आसपास जाते.

अलीकडे मुक्ताईनगरची नगरपंचायत झाली. हद्दीतले लोक ग्रामीण योजनेतून शहरी योजनेत गेले. तिथे स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचे एक असे अडीच लाख. हद्दीपलीकडच्या खेड्यात 2025 पर्यंत 1 लाख 20 हजारच होते. गवंड्याची मजुरी दोन्हीकडे एकच, सळईचा भावही एकच. अडीच लाखवाल्याला मात्र मालकीचा कागद आणि बांधकाम परवानगी दाखवावी लागते, आणि पुन्हा गाडी नमुना आठपाशी थांबते.

2025 च्या अर्थसंकल्पात राज्याने ग्रामीण घरकुलाला 50 हजारांची भर जाहीर केली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. 22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात 20 लाख मंजुऱ्या एकाच वेळी दिल्या गेल्या. 5 ब्रास वाळू मोफत, असेही धोरण आहे. तापी-पूर्णेच्या काठावर राहून वाळूसाठी वणवण करणाऱ्यांना त्यावर हसू येते, पण ते असो. मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते ती ड्रोनने गावठाण मोजण्याची स्वामित्व योजना. 24 एप्रिल 2020 रोजी तिची घोषणा झाली, आणि महाराष्ट्राने त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हे काम करून पाहिले होते. गावठाणातल्या घराला पहिल्यांदाच मिळकत पत्रिका मिळू लागली आहे. बँकेचा वकील तिच्याकडे उलटसुलट बघणार नाही.

आता अडचण नावांची. आजोबांचे एक घर, त्यात तीन भावांच्या तीन खोल्या, पत्रिकेवर तिघांची नावे. धाकट्याला त्याच्या खोलीवर स्लॅब टाकायला दीड लाख हवेत. बँक म्हणते, तिघांच्याही सह्या आणा. मधला सुरतेला यंत्रमागावर आहे. तो दिवाळीला चार दिवस येतो, आणि तेव्हा बँकेला सुट्टी असते.