हिशेबनीस पै : सभेतल्या प्रश्नांपासून नॅसडॅकपर्यंत

बेंगळुरूतल्या नामवंत चार्टर्ड अकाउंटंटांची नावं काढली, की टी. व्ही. मोहनदास पै हे नाव चटकन निघतं. आडनाव गोव्यापासून मंगळुरापर्यंत घरोघरी ओळखीचं. शिक्षण बेंगळुरूतच : सेंट जोसेफ्समधून बी.कॉम., मग कायद्याची पदवी, शिवाय सीए.

आता नोकरी कशी लागली ते ऐका. इन्फोसिसच्या सभेत पै उठले आणि आकड्यांवरून प्रश्नांमागून प्रश्न विचारत सुटले. कंपनीचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी या माणसाला टाळलं नाही, उलट कंपनीतच या म्हणून बोलावलं, असं सांगतात. साल १९९४. खोदून खोदून विचारणाऱ्यालाच हिशेब सांभाळायला बसवणं, यातच त्या कंपनीचं शहाणपण दिसतं.

तेव्हाची इन्फोसिस म्हणजे काही आजची इन्फोसिस नव्हे. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झालेली, १९८३ साली बेंगळुरूला गेलेली कंपनी. १९९३ साली तिने ९५ रुपयांना शेअर विक्रीला काढला, तर गिऱ्हाईक पुरेसं मिळेना! शेवटी मॉर्गन स्टॅन्लीने १३ टक्के हिस्सा उचलला, म्हणून निभावलं. जून १९९३ मध्ये बाजारात नोंद झाली तेव्हा पहिला भाव मात्र १४५ रुपये निघाला.

पैंच्या काळातले वार्षिक अहवाल हा तर आकडेप्रेमींसाठी खाऊच. भारतीय नियमांप्रमाणे ताळेबंद असायचाच, अमेरिकी पद्धतीचाही असायचा. पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, जपान आणि ब्रिटन या सहा देशांच्या हिशेबपद्धतींप्रमाणेही आकडे मांडून दाखवले. म्हणजे एकाच कंपनीचा जमाखर्च आठ चष्म्यांतून बघा! त्यातच ब्रँडची किंमत किती आणि कर्मचाऱ्यांचं मोल किती, याचाही हिशेब. कायद्याने हे कुणी मागितलं नव्हतं. आपणहून इतकं उघड करणाऱ्या हिशेबनीसाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या उघडेपणाचं फळ ११ मार्च १९९९ रोजी दिसलं. अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंद झालेली इन्फोसिस ही भारतात नोंदणी झालेली पहिली कंपनी. भाव ३४ डॉलर, उभे केले ७ कोटी डॉलर. आणि १९९४ पासून कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजना असल्यामुळे शेअरच्या तेजीत पगारदार माणसंही श्रीमंत झाली.

या ताळेबंदांवर सही कुणाची, हेही बघण्यासारखं आहे. अनेक वर्षं लेखापरीक्षक होते 'भरत एस. राऊत अँड कंपनी'. राऊत म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारणारच! याच नावाची आद्याक्षरं आज 'बी एस आर' म्हणून देशभरच्या ताळेबंदांखाली दिसतात. ही केपीएमजीच्या जाळ्यातली भारतीय लेखापरीक्षण संस्था. परदेशी संस्थेला भारतात थेट लेखापरीक्षण करता येत नाही, म्हणून सही देशी नावाने. ईवायच्या बाजूला तसंच एस. आर. बाटलीबॉय, ग्रँट थॉर्नटनच्या बाजूला वॉकर चांडिओक. केपीएमजीमधला 'जी'सुद्धा एका माणसाचा : जर्मनीचे राइनहार्ट गोर्डेलर. त्यांचे वडील कार्ल गोर्डेलर हिटलरविरोधी कटात होते, त्यांना १९४५ साली फाशी झाली. हिशेबाच्या पाटीवरच्या एका अक्षरामागे एवढा इतिहास. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे लेखापरीक्षक संस्था ठरावीक मुदतीनंतर बदलावी लागते. त्यानुसार २०१७ साली इन्फोसिसचं काम डेलॉइटकडे गेलं.

पै यांनी २००६ साली अर्थविभागाची खुर्ची सोडली, तीही कंपनी जोरात असताना, आणि माणसं घडवण्याचं खातं घेतलं : भरती, प्रशिक्षण, संशोधन. मैसुरूचं प्रचंड प्रशिक्षण केंद्र याच कक्षेतलं. विजय केळकरांच्या प्रत्यक्ष करसुधारणेच्या समितीतही ते होते. आंतरराष्ट्रीय हिशेबमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांतही बसले. २०११ साली इन्फोसिसमधून बाहेर पडले, २०१५ साली पद्मश्री मिळाली.

पण मला सगळ्यांत आवडणारा आकडा वेगळाच. २००० साली बेंगळुरूच्या इस्कॉनने पाच शाळांतल्या १,५०० मुलांना दुपारचं जेवण द्यायला सुरुवात केली, ती अक्षयपात्र योजना. उभारणीत पै पहिल्यापासून. आज तिथून रोज वीस लाखांहून जास्त मुलं जेवतात. सांबार शिजतं ते बाराशे लिटरच्या वाफेवरच्या कढयांत, आणि एका ताटाचा खर्च किती हे पैशापर्यंत मांडलेलं असतं.