चेकनाक्यापलीकडचे शाकाहारी ताट

दहिसरचा चेकनाका ओलांडला, वसईच्या खाडीवरचा पूल मागे पडला, की महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ‘शुद्ध शाकाहारी’ अशा पाट्यांची रांग लागते. मनोरला उजवीकडे वळून विक्रमगडच्या रस्त्याला लागले की या पाट्या विरळ होत जातात आणि जव्हारचा घाट चढेपर्यंत जवळजवळ संपतात. शाकाहारी प्रवाशाच्या पोटात गोळा येतो तो इथे. जव्हार-मोखाड्याला निघालेल्या दहिसर-बोरिवलीकडच्या कुटुंबांच्या पिशव्यांत ठेपले, खाकरे, लसणाची चटणी आणि केळी एवढा शिधा असतो तो त्यामुळेच. ‘तिकडे आपल्याला काय मिळणार?’ हा प्रश्न ठरलेला.

हाच प्रश्न आता अधिक लांबच्या डोंगरांबाबतही विचारला जातो. गेल्या काही वर्षांत मुंबईहून व्हिएतनामला थेट विमाने जाऊ लागली. हनोई आणि हो चि मिन्ह सिटी पाहून झाल्यावर मराठी प्रवासी उत्तरेच्या सा पा, हा झांगकडे किंवा मध्य व्हिएतनामच्या पठाराकडे, म्हणजे दा लात, बुओन मा थुओत, कोन तुमकडे वळू लागले. तिथेही पिशवीत ठेपलेच. दोन्हीकडे भीती एकच: डोंगरातली माणसे मांस-मासे खाणारी, तेव्हा आपण उपाशी राहणार. ही भीती अर्धी खरी आहे, पण ती चुकीच्या जागी उभी आहे.

जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. आजूबाजूला वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे. उतारावरच्या मुरमाड जमिनीत पावसाळ्यात नागली, वरई, उडीद, खुरासणी. सखल जागी भात. इथल्या घरातले रोजचे ताट पाहिले तर त्यात नव्वद टक्के वनस्पतीच असते: नागलीची भाकरी, उडदाचे वरण किंवा नुसतेच पातळ कालवण, खुरासणीची चटणी आणि ऋतूप्रमाणे जी मिळेल ती भाजी. आपण एकादशीला जी भगर हौसेने खातो, ती वरई इथे उपासाची नव्हे, पोट भरण्याची वस्तू आहे. 2023 साली जगाने भरडधान्य वर्ष साजरे केले, तेव्हा शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटे आली. पाड्यावर मात्र भाकरी आधीपासून होतीच, आणि हातात थोडे पैसे आले की तिच्या जागी तांदूळ आणायची इच्छाही होती.

पावसाळ्यातल्या भाज्यांची यादी लिहायला बसलो तर लेख तिथेच संपेल. कोळीभाजी, टाकळा, कुर्डू, लोत, भारंगी, कर्टोली, बांबूचे कोवळे कोंब. उन्हाळ्यात मोहाची फुले, आणि मागाहून मोहाच्या कच्च्या फळांची, दोड्यांची भाजी. शेवळाबद्दल मात्र थांबून लिहिले पाहिजे. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारा हा कोंब घशाला भयंकर खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्याच्याबरोबर काकडाची आंबट फळे घालावीच लागतात. बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडे देण्याची पद्धत आहे. जी बाई देत नाही, तिच्याकडून शेवळे घेऊ नयेत. मुंबईत ही भाजी सर्वांत प्रेमाने करतात ती कायस्थ प्रभूंच्या घरी, आणि तिथे तिच्यात सोडे किंवा खिमा पडतो. म्हणजे डोंगरातून शाकाहारी म्हणून निघालेला कोंब शहरात येऊन मांसाहारी होतो! मांसाहाराचा डाग डोंगराकडेच असतो, हे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग भीतीचा खरा अर्धा भाग कोणता? तो मांसाच्या तुकड्यात नाही, चिमटीत आहे. जव्हारच्या आठवडी बाजारात पालेभाजीशेजारीच सुकटीचे आणि जवळ्याचे ढीग असतात. सातपाटी, डहाणूच्या किनाऱ्यावर वाळवलेली मासळी डोंगरापर्यंत चढते, कारण ती टिकते, हलकी असते आणि स्वस्त असते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, जेव्हा रानात फारसे काही उगवत नाही, तेव्हा भाकरीबरोबर चवीला आणि अंगाला काही मिळते ते हिच्यातूनच. त्यामुळे वांग्याच्या भाजीत, आमटीत, चटणीत मूठभर जवळा पडतो. करणाऱ्या बाईच्या लेखी ती भाजीच असते. तिला ‘मटण नको’ असे सांगितले, तर ती मोकळेपणाने ‘नाही घालत’ म्हणेल आणि जवळा घालून भाजी वाढेल. यात फसवणूक काहीच नाही.

व्हिएतनामच्या पठारावर ही गोष्ट जशीच्या तशी भेटते. तिथले एदे लोक कडू वांगे खातात. आकाराने लहान, हिरवे, चवीला चांगलेच कडवट. ते बहुधा सुक्या मासळीबरोबर शिजवतात. किनारा तिथेही डोंगरापासून लांब, मीठ आणि मासळी तिथेही किनाऱ्यावरूनच वर चढत आली. सपाटीवरच्या व्हिएतनामी स्वयंपाकात सुकटीची जागा ‘नुअक माम’ घेते, म्हणजे मासे मिठात महिनोनमहिने मुरवून काढलेले पाणी. लसूण घालून परतलेली नाळीची भाजी पाहून आपण निर्धास्त होतो, पण तिच्यातही ते चमचाभर असते, किंवा डुकराच्या हाडांच्या अर्काची मसाला-भुकटी असते. परतायला तेल की डुकराची चरबी, हा आणखी वेगळा प्रश्न. उत्तरेकडच्या ह्मोंग गावांत मक्याचा भरडा वाफवून केलेले ‘मेन मेन’ मिळते, पठारावर बांबूच्या नळीत शिजवलेला भात आणि त्याबरोबर शेंगदाणे-तिळाचे मीठ. ही दोन नावे पाठ असली तर उपाशी राहायची वेळ येत नाही. तिळाच्या त्या मिठाला आपल्या खुरासणीच्या चटणीची सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही.

म्हणजे पदार्थ आहेत. अडते ते शब्दावर. ‘शाकाहारी’ हा शब्द पाठ्यपुस्तकातला आणि पाट्यांवरचा. मराठीच्या बोलींनी यासाठी आपापले शब्द घडवले. मालवणात आणि गोव्यात जेवण ‘शिवराक’ असते, त्याच्या उलट ‘वशाट’. देशावर सर्वांत उपयोगी शब्द ‘माळकरी’. गळ्यात तुळशीची माळ असलेल्याला काय चालत नाही, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच्यासाठी वेगळे भांडे काढतात, कारण घरातल्या कुणीतरी कधीतरी माळ घातलेली असते. जव्हार-मोखाड्यातही वारकरी पंथ पोचलेला आहे. घाटावरचे त्र्यंबकेश्वर जवळ, तिथे निवृत्तिनाथांची समाधी, आणि पौष वद्य एकादशीच्या यात्रेला या भागातूनही दिंड्या जातात. त्यामुळे ‘आम्ही शाकाहारी आहोत’ यापेक्षा ‘आमचे माळकऱ्यासारखे आहे, सुकट-जवळाही नको’ हे वाक्य कितीतरी पटीने काम करते.

व्हिएतनामी भाषेत माळकऱ्याच्या जागी ‘चाय’ हा शब्द आहे. ‘अन चाय’ म्हणजे बौद्ध व्रताचे, मांस-मासे वर्ज्य असलेले जेवण. (आपल्याकडे याच शब्दावर कप पुढे येईल, हा भाग वेगळा.) चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी सगळे खाणारी अनेक माणसे ‘चाय’ पाळतात, त्या दिवशी लहान गावातही त्या जेवणाच्या गाड्या लागतात. प्रवासाची तारीख पंचांग पाहून ठरवली, तर तिथे खरोखरच फायदा होतो. कडक चायमध्ये कांदा-लसूणही वर्ज्य, हे ऐकून चातुर्मास पाळणाऱ्यांना घरच्यासारखे वाटेल. पण हा शब्द बौद्ध परंपरेतल्या व्हिएतनामी माणसांचा. पठारावरच्या बा ना, एदे, झा राय गावांत तो लागू पडेलच असे नाही. तिथे अनेक जण ख्रिस्ती आहेत. कोन तुमचे लाकडी चर्च शंभर वर्षांहून जुने आहे. अशा ठिकाणी व्रताचे नाव सांगून भागत नाही. मासळीचे पाणी नको, चरबी नको, भुकटी नको, असे एकेक जिन्नस मोजून सांगावे लागते.

आपल्या डोंगरांत मात्र या शब्दाला आणखी एक इतिहास आहे, आणि तो पर्यटकाला ठाऊक नसतो. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये एक देवी अंगात येऊ लागली. ही लाट डोंगरातून पसरत नाशिक, डांग आणि सुरतच्या आदिवासी गावांपर्यंत गेली. सलाबाई नावाने ओळखली जाणारी ही देवी माध्यमांच्या तोंडून आज्ञा करी: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या गुत्तेदाराकडे कामाला जाऊ नका. अनेक ठिकाणी लोकांनी कोंबड्या-बकऱ्या विकल्या किंवा सोडून दिल्या. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 साली या चळवळीवर पुस्तक लिहिले. लोक वरच्या जातींचे निव्वळ अनुकरण करत नव्हते. ज्या मूल्यांच्या जोरावर सावकार आणि गुत्तेदार त्यांना हीन ठरवत, ती मूल्येच ते हिसकावून घेत होते, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. पुढे बऱ्याच गावांत मांस-मासे परत आले. पण तेव्हापासून या पट्ट्यात ‘आम्ही खात नाही’ या वाक्यात चवीहून अधिक काही भरलेले असते. शहरी पाहुण्याने नाक मुरडून हेच वाक्य उच्चारले, तर ऐकणाऱ्याला त्यात जुना सावकार ऐकू येऊ शकतो. म्हणून काय नको ते सांगण्याआधी काय हवे ते सांगावे. ‘नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मिळेल का?’ असे विचारले की घरातल्या बाईचा चेहरा बदलतो. शहरातल्या माणसाला हे खायचे आहे यावर तिचा आधी विश्वास बसत नाही.

व्हीगन लोकांचे, म्हणजे दूधही न घेणाऱ्यांचे, या दोन्ही डोंगरांत आपल्यापेक्षा सोपे जाते. वारली-कोकणा घरांच्या रोजच्या स्वयंपाकात दूध-तुपाला फारसे स्थान नाही. चहासुद्धा बहुधा कोराच. व्हिएतनामी स्वयंपाकातही दूध जवळजवळ नाहीच, फक्त कॉफीत डब्यातले गोड घट्ट दूध, तेही फ्रेंचांच्या काळापासूनचे. काळी कॉफी मागितली की प्रश्न मिटला. उलट महामार्गावरच्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात व्हीगन माणसाला पनीर, लोणी आणि सायीतून वाट काढावी लागते. जैन प्रवाशाची अडचण खरी आहे, कारण डोंगरातले अन्न बरेचसे जमिनीखालचे असते. 

आणखी एक गोष्ट अवघड आहे, पण ती टाळून या विषयावर लिहिता येणार नाही. जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी हे नाव 1992-93 मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रभर गेले. रानभाज्यांची ही श्रीमंती आणि ती भूक एकाच डोंगरातली आहे. रानातली भाजी चवीसाठी खुडणे वेगळे आणि धान्य संपल्यावर खुडणे वेगळे. मूठभर जवळा काढून टाकायला आपण सांगतो, तेव्हा त्या जेवणातली प्रथिने काढायला सांगत असतो. आपण दोन दिवसांचे पाहुणे, आपले भागते. म्हणून आपली भाजी वेगळी करायला सांगावी, घरच्यांची बदलायला सांगू नये. आदल्या दिवशी निरोप द्यावा, आणि जेवणाचे पैसे महामार्गावरच्या थाळीच्या दराने द्यावेत. ‘गावाकडे स्वस्त असते’ हा हिशेब इथे लावू नये.

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांसाठी: रानभाज्यांचे दिवस आता सरले आहेत. वारल्यांच्या दिवाळीत फराळाऐवजी उकडलेले करांदे आणि चवळीच्या शेंगा असतात. करांदा वेलीवर लागतो, बटाट्यासारखा दिसतो आणि थोडा कडू असतो. राख घालून उकडला की कडूपणा उतरतो. खरा कडूकंद मात्र चकत्या करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर तो बाधतो. तो स्वतः खणून आणायच्या फंदात पडू नये. करांदे बोरिवली-दहिसरच्या स्टेशनांबाहेरही मिळू शकतात. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, आणि सकाळच्या गाडीने टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांपैकी एखादीकडे ते असतात. उकडायचे कसे, हे तिलाच विचारावे.