आरोग्यविषयक संशोधनात कौटुंबिक संपत्तीचे मापन : मुंबई उपनगराच्या संदर्भात

प्रस्तावना

आरोग्य आणि आर्थिक स्थिती यांचा संबंध तपासणाऱ्या संशोधकापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो कुटुंबाची आर्थिक स्थिती कशी मोजावी हा. उत्पन्न विचारले तर रिक्षाचालक, फेरीवाला वा घरकाम करणारी स्त्री यांना नेमका आकडा सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतो ते सांगण्यास राजी नसतात. खर्चाची नोंद घ्यावी तर लांबलचक प्रश्नावली लागते. घरात पंखा आहे की नाही, पाण्याचा नळ आत आहे की बाहेर, हे मात्र अल्पावधीत व बऱ्याच अंशी खात्रीने समजते. मालमत्तेवर आधारित मापनाचा उगम या सोयीत आहे. या पद्धतीचे स्वरूप आणि मुंबई उपनगरातील तिच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धतीचा विकास

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे समन्वयन करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था उपनगरातच, देवनार येथे आहे. १९९८-९९ च्या दुसऱ्या पाहणीत 'राहणीमान निर्देशांक' वापरला गेला. त्यात प्रत्येक बाबीस तज्ज्ञांनी ठरविलेले गुण होते : मोटारीस ४, शीतकपाटास ३, प्रेशर कुकरला १. एकूण १४ पर्यंत गुण म्हणजे निम्न, १५ ते २४ मध्यम आणि २५ ते ६७ उच्च राहणीमान. शीतकपाटास तीनच गुण का, या प्रश्नाला संकेताखेरीज उत्तर नव्हते.

डिऑन फिल्मर व लँट प्रिचेट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीतील सामग्री वापरून वेगळा मार्ग सुचविला. प्रमुख घटक विश्लेषण या सांख्यिकीय तंत्रात भार संशोधक ठरवीत नाही, तर वस्तूंच्या परस्परसंबंधांतून तो निघतो. ज्या वस्तू बहुधा एकत्र आढळतात त्यांना अधिक भार मिळतो. सर्वांकडे असणारी वा कोणाकडेच नसणारी वस्तू काहीच सांगत नाही. २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीतील संपत्ती निर्देशांक याच तत्त्वावर ३३ बाबींवरून काढण्यात आला व लोकसंख्येचे पाच समान गट पाडण्यात आले.

उपनगरातील अडचणी

अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांचा मुंबई उपनगर जिल्हा पूर्णतः नागरी आहे. मुलुंड व घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात. उपरोक्त ३३ बाबींत ट्रॅक्टर, मळणीयंत्र व बैलगाडीही आहेत. त्या येथे निरर्थक ठरतात. तर वीज, पंखा, मोबाईल बहुतेकांकडे असल्याने त्यांवरून फरक कळत नाही. देशाच्या मापाने लावलेल्या क्रमवारीत डोंगरउतारावरील झोपडीतील कुटुंबही वरच्या गटात जाऊ शकते. तिसऱ्या पाहणीत मुंबईसह आठ शहरांत झोपडपट्टी व बिगर झोपडपट्टी यांचे स्वतंत्र नमुने घेतले गेले, हे या दृष्टीने महत्त्वाचे होय.

दुसरी अडचण पुनर्वसनाची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घाटकोपर येथील एका अर्धपक्क्या घरातील कुटुंबास राहणीमान निर्देशांकावर २१ गुण आहेत. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत ते पक्क्या इमारतीत गेले. घराच्या प्रकाराचे गुण २ वरून ४, सार्वजनिक शौचालयाऐवजी स्वतःचे शौचालय झाल्याने २ वरून ४ आणि पाण्याचे १ वरून २ झाले. एकूण २६, म्हणजे कुटुंब 'मध्यम'मधून 'उच्च' गटात गेले. मिळकत तीच राहिली, उलट इमारतीच्या देखभालीचा मासिक खर्च वाढला. आजारपणात कर्ज काढण्याची पाळी त्याच्यावर पूर्वीइतकीच येईल. अभ्यासात मात्र ते सुस्थितीत गणले जाईल. अंधेरीत मोठ्या सदनिकेत भाड्याने राहणारे कुटुंब घरमालकीच्या निकषावर झोपडीमालकाच्या खाली जाते, हा याच दोषाचा दुसरा प्रकार.

तिसरी अडचण तार्किक आहे. शुद्ध पाणी व शौचालय यांचा अतिसाराशी थेट संबंध आहे. त्यांचा निर्देशांकात समावेश करून 'संपत्ती वाढली की अतिसार घटतो' असा निष्कर्ष काढल्यास तो संपत्तीचा परिणाम की पाण्याचा, हे सांगता येत नाही.

संशोधकांसाठी काही पथ्ये

महाविद्यालयीन स्तरावरील लहान पाहण्यांत पुढील काळजी घेता येईल. राष्ट्रीय भार जसेच्या तसे न उचलता स्वतःच्या नमुन्यावरून भार काढावेत. जवळजवळ सर्वांकडे असणाऱ्या वस्तू वगळाव्यात. नळ घरात की सामाईक, पाणी किती तास, दरडोई जागा किती, धुलाईयंत्र वा संगणक आहे का, असे भेद दाखविणारे प्रश्न ठेवावेत. अभ्यासविषय अतिसार असेल तर पाणी व शौचालय वगळून निर्देशांक पुन्हा काढावा आणि दोन्ही निष्कर्ष द्यावेत. पुनर्वसित इमारतींची नोंद स्वतंत्र ठेवावी. पहिल्या घटकाने एकूण विचलनाचा किती भाग स्पष्ट केला तेही नमूद करावे.

समारोप

संपत्ती निर्देशांक दीर्घकालीन आर्थिक स्थितीचा क्रम सांगतो. चालू मिळकत, कर्जाचा बोजा वा संकटसमयीची क्रयशक्ती सांगत नाही. तो सापेक्ष आहे आणि ज्या लोकसंख्येवरून काढला तिच्यापुरताच अर्थपूर्ण आहे. या मर्यादेचे भान सुटले तर उपनगरातील गरीब कुटुंब आकडेवारीतून नाहीसे होते आणि त्याच्यासाठी आखावयाची आरोग्यसेवा कागदावर अनावश्यक ठरते. म्हणूनच मापनपद्धतीची निवड ही संशोधकाची सामाजिक जबाबदारीही ठरते.