काउंटरवरची अदलाबदल

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लेकाकडे किंवा लेकीकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांची एक सहल ठरलेली असते: नायगारा, यलोस्टोन, नाहीतर ग्रँड कॅन्यन. घरची गाडी पाच जणांची, माणसं सात, शिवाय बॅगा. म्हणून महिनाभर आधी मिनीव्हॅन भाड्याने ठरवली जाते. ईमेलवर आरक्षण क्रमांक येतो, भाड्याचा आकडा येतो, गाडीचा फोटोही येतो. एवढं सगळं हातात असताना विमानतळावरच्या काउंटरवर ‘मिनीव्हॅन शिल्लक नाही’ असं ऐकायला मिळालं, तर कुणालाही ती फसवणूकच वाटेल. करारातल्या अटी वाचल्या तर बहुतेक वेळा ती फसवणूक ठरत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. या धंद्यात आरक्षण मोडण्याची शक्यता आधीच हिशेबात धरलेली असते. मोडल्यावर नुकसान कुणी आणि किती सोसायचं, हे मात्र मोघम ठेवलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की कंपनीने गाड्यांपेक्षा जास्त आरक्षणं खुशाल घ्यावीत, पण हा डाव फसला तर त्याची किंमत तिनेच, आधी जाहीर केलेल्या दराने मोजावी.

आधी आपण राखून ठेवतो ते नेमकं काय, हे पाहू. फोटोखाली बारीक अक्षरांत ‘टोयोटा कोरोला किंवा तत्सम’ असं छापलेलं असतं. कंपनी कोरोलाचा शब्द देतच नाही. कोरोला ज्या वर्गात बसते त्या वर्गातल्या कुठल्याही गाडीचा देते. हे वर्ग चार अक्षरांच्या एका संकेतात लिहिले जातात. ‘ॲक्रिस’ या भाडेव्यवसायाच्याच संघटनेने तो ठरवला आहे. पहिल्या अक्षरावरून गाडीच्या आकाराची पायरी कळते, दुसऱ्यावरून तिचा प्रकार, तिसऱ्यावरून गिअर आणि चौथ्यावरून इंधन व एसी. ‘आय-सी-ए-आर’ असं लिहिलं असेल तर मध्यम आकाराची, दोन किंवा चार दारांची, ऑटोमॅटिक, एसी असलेली गाडी. तिसऱ्या जागी ‘एम’ आलं की गिअर हाताने टाकायचे. युरोपात असं आरक्षण सर्रास असतं आणि अमेरिकेत ऑटोमॅटिकवर हात बसलेल्यांची तिथे पंचाईत होते. इतकं मोजूनमापून केलेल्या या संकेतात डिक्कीत किती बॅगा मावतील याला मात्र जागा नाही. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन गाड्या कागदावर सारख्या आणि सामान भरताना अगदी वेगळ्या निघू शकतात.

मग गाड्या कमी का पडतात? अमेरिकेत गाडीचं साधं आरक्षण करताना बहुधा एक डॉलरही द्यावा लागत नाही आणि ते रद्द केल्याचा दंडही नसतो. त्यामुळे माणसं दोन-तीन कंपन्यांकडे नाव नोंदवतात, सहल रद्द झाली तरी कळवत नाहीत, आणि कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. लग्नाच्या पत्रिका हजार वाटल्या तरी आचाऱ्याला सातशेच पानं सांगणाऱ्या यजमानासारखा तिचा अंदाज चालतो. त्यात आणखी एक भर अशी की आज द्यायच्या गाड्यांपैकी कितीतरी आज सकाळी कुणाच्या तरी हातात असतात. दुपारी परत यायची गाडी संध्याकाळी आली, किंवा काच तडकून आली, की पुढच्या माणसाचं आरक्षण लटकलं. हे अंदाज आता कुणी मनाने बांधत नाही. १९९३मध्ये जनरल मोटर्सच्या मालकीची नॅशनल ही भाडेकंपनी गाशा गुंडाळण्याच्या बेतात होती. कोणत्या दिवशी, कोणत्या वर्गाची, किती आरक्षणं, कोणत्या दराने घ्यायची याची गणिती पद्धत तिने बसवली, ती फायद्यात आली आणि १९९५मध्ये ती विकत घेणारं चांगलं गिऱ्हाईकही मिळालं. व्यवस्थापनशास्त्रात हे उदाहरण आजही सांगितलं जातं. अर्थात जादा आरक्षण ही व्यवस्थापकाची डुलकी नव्हे. तो नफ्याच्या गणिताचा भाग आहे.

या गणिताचा दुसरा भाग म्हणजे वरची पायरी. छोटी गाडी संपली तर मधली देता येते, मधली संपली तर मोठी. उलट दिशेने मात्र गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून लहान गाड्यांची आरक्षणं प्रत्यक्षातल्या लहान गाड्यांपेक्षा जास्त घ्यायची आणि तूट वरून भरून काढायची, हे कंपनीला परवडतं. मोठी गाडी अंगणात उभी राहून काहीच कमावत नसते. तेव्हा ‘तुम्हाला खास मोठी गाडी दिली आहे’ असं हसून सांगितलं जातं त्यात उपकाराचा भाग फार थोडा. राखीव वर्ग संपल्यावर त्याच भाड्यात वरची गाडी देणं हा या धंद्याचा रुळलेला रिवाज आहे. खेळी होते ती हे उघड सांगितलं जात नाही तेव्हा. काउंटरवरच्या माणसाला जादा विक्रीवर बहुधा कमिशन असतं. आपला वर्ग संपलेला असताना तो ‘दिवसाला फक्त पंधरा डॉलर जास्त, एसयूव्ही घेऊन जा’ असं सुचवतो, आणि आपण मान डोलावून सही केली की पैसे न देता मिळणारी गाडी आपण विकत घेतलेली असते. म्हणून आधी एकच प्रश्न विचारावा: मी राखलेला वर्ग उपलब्ध आहे का? उत्तर नाही असं आलं तर जादा पैशांची गोष्टच काढू देऊ नये. काही कंपन्यांच्या करारपत्रावर दिलेल्या गाडीचा गट आणि आकारणी झालेला गट असे दोन वेगळे रकाने असतात. सही करण्याआधी दुसऱ्या रकान्यात आपलाच मूळ गट आहे ना, हे बघायला अर्धं मिनिट पुरतं. पहिल्या रकान्यात काहीही असो.

हा रिवाज ऐकायला गोड आहे, पण ज्याला फक्त जास्त जागा हवी त्याच्यासाठीच. ज्याला विशिष्ट प्रकारची गाडी हवी त्याच्यापाशी येऊन ही शिडी संपते. मिनीव्हॅनच्या वर काय? बारा जणांची व्हॅन सगळीकडे नसते, आणि मोठी आलिशान सेडान भाड्याने कितीही महाग असली तरी तिच्यात सात माणसं बसत नाहीत. मग दोन छोट्या गाड्या घ्या, असा तोडगा निघतो. त्यासाठी दोन चालक लागतात, दोनदा पेट्रोल लागतं, दोनदा पार्किंग लागतं. युरोपात ऑटोमॅटिक संपली तर हाताने गिअर टाकायची मोठी गाडी ही बढती ठरत नाही, आणि इटलीतल्या जुन्या गावांच्या गल्ल्यांत मोठी गाडी हीच शिक्षा. विजेच्या गाड्यांनी यात नवी भर घातली. हर्ट्झ या भाडेकंपनीने ऑक्टोबर २०२१मध्ये एक लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२४मध्ये सुमारे २० हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. मधल्या काळात पेट्रोलची गाडी राखलेल्या काही जणांना ऐनवेळी विजेची मिळाली. आकाराने ती बरोबरीची असेलही; पण चार्जिंग कुठे करायचं, किती वेळ थांबायचं, परत देताना बॅटरी किती भरलेली हवी, हे त्या काउंटरवर पाच मिनिटांत शिकून घ्यायचं म्हणजे सहलीच्या पहिल्याच दिवशी शिकवणी.

कधीकधी तर सगळी शिडीच कोसळते. करोनाच्या पहिल्या लाटेत प्रवास थांबला, २२ मे २०२० रोजी हर्ट्झने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि भाडेकंपन्यांनी लाखो गाड्या विकून रोकड उभी केली. पुढच्या वर्षी प्रवासी परतले तेव्हा चिपच्या टंचाईमुळे कारखान्यांतून नव्या गाड्या येईनात. हवाईला गेलेल्या पर्यटकांनी घरसामान हलवायचे यू-हॉलचे ट्रक भाड्याने घेऊन समुद्रकिनारे पाहिले. असा प्रसंग रोज येत नाही. पण कंपन्या आपल्या सोयीने ताफा किती पटकन आकसू शकतात हे त्यातून दिसलं, आणि आरक्षणाचा कागद किती पातळ आहे हेही.

विमानांचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण तिथे हाच डाव खेळला जातो आणि तो फसला तर काय द्यायचं हे ठरलेलं आहे. एप्रिल १९७२मध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघालेल्या राल्फ नेडर यांना अलेगेनी एअरलाइन्सने आरक्षण असूनही विमानात घेतलं नाही. मोटारींच्या सुरक्षिततेवरून वाहन उद्योगाला घाम फोडणारे हेच ते नेडर. कंपनीने माणूसच चुकीचा निवडला. जादा आरक्षणाची गोष्ट लपवल्याबद्दलचा त्यांचा दावा न्यायालयात चालू शकतो, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये ठरवलं. अर्थशास्त्रज्ञ जुलियन सायमन यांनी त्याआधीच, १९६८मध्ये, जागा सोडायला राजी असलेल्यांना पैसे देऊन उतरवा, असं सुचवलं होतं आणि ते हसण्यावारी नेलं गेलं होतं. १९७८पासून तोच तिथला नियम झाला. आज अमेरिकेत मर्जीविरुद्ध मागे ठेवलेल्या प्रवाशाला, उशीर किती होतो त्यानुसार, एकेरी भाड्याच्या दुप्पट किंवा चौपट भरपाई मिळते, तिला वरची मर्यादा आहे. युरोपात ती अंतरानुसार २५० ते ६०० युरो असते. भारतातही डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे: पर्यायी विमान तासाभरात मिळालं तर काही नाही, २४ तासांत मिळालं तर १० हजार आणि त्यापुढे २० हजार रुपयांपर्यंत. या नियमांनी जादा आरक्षण बंद पडलं नाही आणि विमान कंपन्याही त्यामुळे बुडाल्या नाहीत. फक्त एक प्रवासी मागे ठेवायला किती खर्च येतो हा आकडा त्यांच्या गणितात शिरला. गाडीभाड्यात असा ठरलेला दर नाही. चांगला व्यवस्थापक शेजारच्या कंपनीकडून गाडी मिळवून भाड्यातला फरक स्वतः भरतो. दुसरा खांदे उडवून रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळतो.

यावर कंपन्यांची बाजू पोकळ नाही. पहिला मुद्दा असा की विमानाची जागा एकमेव असते, गाडी मात्र पलीकडच्या काउंटरवरही मिळते. एरवी हे खरं. पण थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांकडच्या गाड्या एकदमच संपतात, आणि अमेरिकी विमानतळांवरच्या बहुतेक पाट्या एंटरप्राइज, हर्ट्झ आणि एव्हिस बजेट या तीन घराण्यांच्याच असतात. एकाच घराण्याच्या तीन पाट्यांखाली फिरणं म्हणजे पर्याय शोधणं नव्हे. आधीच्या माणसाने गाडी उशिरा आणली यात आमचा काय दोष, हा दुसरा मुद्दा. दोष नसेलही, पण त्या माणसाकडून उशिराचं जादा भाडं कंपनी वसूल करते, आणि त्यातला एक पैसाही काउंटरपुढे ताटकळणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून पैसे घ्यायचे आणि ज्याचं झालं त्याला हात हलवत पाठवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: गिऱ्हाईक एक पैसा न देता आरक्षण करतं आणि न सांगता गायब होतं, मग आम्हीच का बांधून घ्यायचं? याला माझं उत्तर असं की सुरुवात आगाऊ पैसे भरणाऱ्यांपासून करा. आगाऊ भरलं तर भाडं थोडं कमी लागतं आणि आरक्षण रद्द केलं तर दंड कापला जातो. म्हणजे गिऱ्हाईकाने शब्द मोडण्याची किंमत कंपनीने आधीच छापून ठेवली आहे. तोच आकडा उलट दिशेनेही लागू व्हावा: कंपनीने राखलेल्या वर्गातली किंवा त्याऐवजी चालण्याजोगी गाडी दिली नाही, तर तेवढीच रक्कम तिने जागेवर द्यावी, शिवाय दुसरीकडून घेतलेल्या गाडीच्या भाड्यातला फरक भरावा. आणि गाडी चालण्याजोगी आहे की नाही हे गिऱ्हाईकाने ठरवावं, कारण माणसं किती आणि बॅगा किती हे त्यालाच माहीत. खालच्या वर्गाची गाडी घ्यावी लागली तर फरकाची रक्कम मागितल्याशिवाय परत यावी, हे तर सांगायलाही नको.

आपल्याकडे पिवळ्या अक्षरांच्या काळ्या पाटीची, स्वतः चालवायची गाडी गोव्यात आणि मोठ्या शहरांत दिसते. एरवी गाडीसोबत चालक येतो. ‘डिझायर किंवा तत्सम’ हा मजकूर मात्र आपल्या ॲपवरही आलाच आहे, आणि इनोव्हा सांगून अर्टिगा दारात उभी राहिल्याची तक्रार लग्नसराईत कुणाला नवी नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबरोबर अन्याय्य कराराचीही व्याख्या आहे, आणि सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार एकाच पक्षाला देणारी अट तिच्यात मोडते. म्हणून ठरवताना गाडीचं नाव, आसनसंख्या आणि एकूण भाडं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं बरं. ग्राहक आयोगापुढे फोनवरचं बोलणं सिद्ध करणं कठीण जातं.

अशा नियमाने भाडं वाढेल, ही शेवटची हरकत. वाढेल, थोडंसं वाढेलच, कारण आज काही जणांच्या माथी बसणारं नुकसान मग सगळ्यांत वाटलं जाईल. त्याहून मोठा बदल गिऱ्हाईकांना सोसावा लागेल. बांधून घेणारी कंपनी फुकट आरक्षण फार दिवस चालू ठेवणार नाही. दोन-तीन ठिकाणी नाव टाकून शेवटच्या रात्री स्वस्तातलं ठेवायचं, ही सोय आटेल आणि आरक्षणाबरोबर कार्डावर काही डॉलर अडकतील. तेवढे अडकवायला मी तयार आहे. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी आजच्यासारखं बिनपैशाचं आरक्षणही राहू द्यावं, मात्र गाडी मिळेलच असं नाही, हे तिथे भाड्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलेलं हवं.