जर्मनीत शिकायला जाण्याआधीचा हिशेब

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्हणून विद्यापीठाबरोबर राज्यही पाहावं.

मोठा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातला बराचसा वाटा खोलीच्या भाड्यातच जातो. जाहिरातीतलं ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं; हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते ‘वार्ममीटे’. हिशेबात तेच धरा. घरमालक तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत डिपॉझिट मागू शकतो. ते ९९२ युरोंतून निघणं अवघड, त्यामुळे त्याची सोय वेगळी हवी. आरोग्यविमा सक्तीचा. शिवाय दर घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही शुल्क. एकत्र राहणाऱ्यांनी ते मिळून एकदाच भरायचं.

शिक्षणकर्जाचा हप्ता पार्टटाइम कामातून फेडू, हे गणित घरच्यांनी कृपा करून मांडू नये. कामाची परवानगी साधारणपणे वर्षाला १४० पूर्ण दिवसांची, आणि परीक्षा तोंडावर आल्या की तेवढंही जमत नाही. कर्ज रुपयांत मंजूर होतं, खर्च मात्र युरोत होतो. युरो वधारला तर लागणारे जादा पैसे सुरुवातीलाच बाजूला काढावेत.