‘लिटल होप’ की ‘अ लिटल होप’?

लांबलचक इंग्रजी शब्द अडला की आपण शब्दकोश उघडतो. ‘अ’, ‘बाय’, ‘टू’, ‘ऑफ’ हे शब्द मात्र आपल्याला येतातच, असं धरून पुढे जातो. वाक्याचा अर्थ उलटतो तो बहुतेक वेळा इथेच. शाळेत या शब्दांच्या जोड्या पाठ होतात, स्पेलिंगही पक्कं होतं, पण अर्थातला फरक नीट समजून घ्यायचा राहून जातो. त्यातून रुजलेले काही गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : ‘अ’ लावला काय, न लावला काय, अर्थ तोच.

वस्तुस्थिती : रुग्णाबद्दल डॉक्टर म्हणाले, ‘देअर इज अ लिटल होप’, तर थोडी आशा आहे. ‘देअर इज लिटल होप’ म्हणाले, तर आशा जवळजवळ नाही. ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’ यांचंही असंच. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे काही मित्र आहेत, गरजेला कुणी ना कुणी भेटेल. ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र थोडेच. हा फरक मराठी माणसाला खरं तर अवघड नाही. ‘थोडे’ आणि ‘थोडेच’ यांत आपला ‘च’ जे काम करतो, तेच काम इंग्रजीत ‘अ’ गाळल्याने होतं.

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर उतरताना उच्चारलेलं वाक्य याच ‘अ’मुळे गाजत राहिलं. एका माणसाचं छोटं पाऊल ही मानवजातीची मोठी झेप आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. ‘एक माणूस’ या अर्थासाठी ‘अ मॅन’ हवं. पृथ्वीवर ऐकू आलं ते नुसतं ‘मॅन’, आणि त्याचा अर्थ मानवजात असाच होतो. म्हणजे वाक्याचे दोन्ही भाग एकाच गोष्टीबद्दल बोलू लागतात. आपल्याला ‘अ’ म्हणायचंच होतं, असं आर्मस्ट्राँग पुढे सांगत राहिले.

न्यायालयातही या ‘अ’ने वजन दाखवलं आहे. अमेरिकेतून हद्दपारीला सामोऱ्या जाणाऱ्या काही स्थलांतरितांना सलग दहा वर्षांचं वास्तव्य दाखवता आलं, तर सवलत मागता येते. सरकारने हजर राहण्याची ‘अ नोटिस’ बजावली की ही मोजणी थांबते. एका प्रकरणात सरकारने आवश्यक माहिती दोन वेगळ्या कागदांवर पाठवली. ‘अ नोटिस’ म्हणजे सगळी माहिती असलेली एकच नोटीस, तुकड्यांनी पाठवलेली चालणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला.

गैरसमज २ : मराठी अर्थ पाठ केला की शब्द आला.

वस्तुस्थिती : ‘मला शुक्रवारपर्यंत अहवाल हवा’ आणि ‘मी शुक्रवारपर्यंत नाशिकला आहे’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘पर्यंत’च म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ लागतं, दुसऱ्याला ‘अंटिल फ्रायडे’. काम त्या मुदतीच्या आत एकदा पुरं व्हायचं असेल तर ‘बाय’. एखादी स्थिती त्या क्षणापर्यंत चालू राहणार असेल तर ‘अंटिल’. म्हणून ‘आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ असं लिहिलं, तर अहवाल शुक्रवारपर्यंत सारखा पाठवत राहणार, असा विचित्र अर्थ निघतो.

‘पासून’चंही तेच. ‘२०१५ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ ही दोन्ही मराठीत सहज बोलली जातात. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायचा तर ‘फॉर’. ‘सिन्स टेन इयर्स’ ही आपल्याकडे हमखास होणारी चूक इथूनच येते.

‘व्हेरी’ आणि ‘टू’ या दोन्हींचा अर्थ ‘खूप’ असा पाठ केला जातो. पण ‘द टी इज व्हेरी हॉट’ म्हणजे चहा चांगला गरम आहे. ‘टू हॉट’ म्हणजे नको इतका गरम, तोंड भाजेल असा.

गैरसमज ३ : जोडीतले शब्द निव्वळ योगायोगाने सारखे दिसतात.

वस्तुस्थिती : ‘लूज’च्या जोडीबद्दल तसं वाटतं खरं. एक ‘ओ’ असलेला म्हणजे गमावणं, दोन ‘ओ’ असलेला म्हणजे सैल. पण मागे जात गेलं तर दोघांचं मूळ एकच निघतं. कित्येक जोड्या तर मुळात एकच शब्द होत्या. आपण ‘बँक ऑफ महाराष्ट्र’ आणि ‘लाइट ऑफ’ यांतले ‘ऑफ’ सारखेच लिहितो. इंग्रजीत पहिल्यात एक ‘एफ’ असून त्याचा उच्चार ‘ऑव्ह’सारखा होतो, तर दुसऱ्यात दोन ‘एफ’ आहेत. जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ ‘पासून दूर’ असा होता. त्याचं जोर देऊन उच्चारलेलं रूप पुढे वेगळं झालं आणि दोन ‘एफ’नी लिहिलं जाऊ लागलं. दोन ‘ओ’ असलेला ‘टू’ हाही एका ‘ओ’च्या ‘टू’चंच जोर देऊन उच्चारलेलं रूप आहे. ‘देन’ म्हणजे मग आणि ‘दॅन’ म्हणजे पेक्षा, हे दोघेही एकाच घरचे.

गैरसमज ४ : मालकी दाखवायची तर अपॉस्ट्रॉफी हवीच.

वस्तुस्थिती : नामाला हवी, सर्वनामाला नको. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांना ती नाही, तशी मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’लाही नाही. अपॉस्ट्रॉफी असलेला ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. शंका आली तर ही दोन रूपं वाक्यात घालून पाहावीत; वाक्य मोडलं तर चिन्ह काढून टाकावं. हा नियम मात्र सनातन नाही. १७८७ च्या अमेरिकी संविधानाच्या हस्तलिखितात मालकीचा ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफीसह लिहिलेला आहे.

गैरसमज ५ : ‘अँड’ तर लहान मुलालाही कळतो.

वस्तुस्थिती : ‘मीठ आणि साखर टाळा’ म्हणजे दोन्ही टाळा. ‘दूध आणि मासे टाळा’ म्हणजे दोन्ही एकत्र टाळा. ‘आणि’ तोच, अर्थ दोन. अमेरिकेत २०१८ च्या एका कायद्याने काही अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत किमान सक्तीच्या शिक्षेतून सूट मिळण्याची कक्षा वाढवली. आरोपीच्या पूर्वेतिहासात अमुक, तमुक ‘अँड’ ढमुक नसावं, अशी त्यात अट होती. मग तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच सूट नाकारायची, की एक असली तरी? २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकही पुरेशी आहे असं ठरवलं, तेही सहा विरुद्ध तीन मतांनी. कुणाच्या तरी आयुष्याची वर्षं तुरुंगात जाणार की नाही, हे तीन अक्षरांच्या शब्दावर ठरलं.

गैरसमज ६ : चुका संगणक पकडतो.

वस्तुस्थिती : ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडला तर साधी स्पेलिंग तपासणी गप्प राहते, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत तर व्याकरणही बिनचूक असतं. तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते तुम्हालाच ठाऊक असतं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना आग्रहाचं सांगणं आहे. मुलांकडून जोड्यांची यादी घोकून घेऊ नका. एक वाक्य द्या, त्यातला छोटा शब्द बदला आणि विचारा, आता काय बदललं? उत्तर मराठीत आलं तरी चालेल, ‘आधी थोडे होते, आता थोडेच आहेत’ असं आलं तर फारच उत्तम. ज्या मुलाला ‘च’ची ताकद कळते, त्याला ‘अ’चीही कळेल.